आगकाड्या नाचवणारे दादासाहेब फाळके : लग्नाच्या व्हिडिओतल्या नावामागची शंभर वर्षांपूर्वीची युक्ती

तिवसा. अमरावती-नागपूर हायवेवरचं तालुक्याचं गाव. लग्नसराई सुरू झाली की इथे काय आणि वऱ्हाडातल्या दुसऱ्या कुठल्या तालुक्याला काय, व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्या पोरांना जेवायलाही सवड मिळत नाही. त्या व्हिडिओची सुरुवात तुम्ही शंभरदा पाहिली असेल. काळा पडदा, कुठून तरी सोनेरी ठिपके उडत येतात, गोल फिरतात आणि बघता बघता त्यांचं नवऱ्या-नवरीचं नाव तयार होतं. कुठे ठिपक्यांऐवजी गुलाबाच्या पाकळ्या असतात, तर कुठे बारके बदाम.

हे काम आफ्टर इफेक्ट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. नाव टाइप करायचं, त्या अक्षरांचा आकार शेकडो छोट्या आकारांनी भरायचा. मग प्रत्येक आकार सुरुवातीला कुठे असेल आणि शेवटी कुठे पोचेल, एवढंच कॉम्प्युटरला सांगायचं. या दोन ठरवलेल्या जागांना कीफ्रेम म्हणतात. मधल्या सगळ्या जागा कॉम्प्युटर स्वतः काढतो.

आता विचार करा की मधल्या जागा काढून देणारं कोणी नाहीच. प्रत्येक तुकडा हाताने सरकवायचा, एक फोटो घ्यायचा, परत सरकवायचा, परत फोटो. हे काम भारतात शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने केलं होतं. तुकडे होते आगपेटीतल्या काड्यांचे आणि माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळके म्हटलं की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. भारतीय सिनेमाचे जनक, त्यांच्या नावाचा पुरस्कार, इथे आपली माहिती संपते. पण देवादिकांचे सिनेमे काढणाऱ्या या माणसाला आगकाड्या आणि नाणी नाचवायची वेळ का आली, ही गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. पोराचा कल मात्र चित्रांकडे होता, म्हणून १८८५ मध्ये त्याने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. पुढे बडोद्याच्या कलाभवनात तो चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, फोटोग्राफी असं समोर येईल ते शिकत गेला. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल करून त्याने सुवर्णपदकही मिळवलं.

म्हणजे माणूस हुशार होता, पण एका जागी टिकत नव्हता. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगने पहिली बायको आणि मूल गेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाचं आयुष्य शोषून घेतो अशी समजूत पसरलेली. फोटोला गिऱ्हाईक येईना.

याच काळात कार्ल हर्ट्झ या परदेशी जादूगाराशी त्यांची गाठ पडली आणि फाळके हातचलाखी शिकले. पुढे स्वतः जादूचे प्रयोग करायला लागले तेव्हा त्यांनी घेतलेलं नाव होतं प्रोफेसर केळफा. आता 'फाळके' हा शब्द घ्या आणि त्याची तीन अक्षरं उलट्या क्रमाने मांडा. फा, ळ, के. के, ळ, फा. आपल्याच आडनावाची अक्षरं उचलून इकडची तिकडे ठेवली आणि नवीन माणूस उभा केला.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई, आणि त्यांच्याशिवाय ही पुढची गोष्ट झालीच नसती. १९०३ पासून काही वर्षं फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. ती सोडून लोणावळ्याला छापखाना आणि ब्लॉक करण्याचा कारखाना काढला, तो नंतर दादरला आला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं कामही त्यांनी केलं. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले.

हा छपाईचा काळ फाळक्यांच्या चरित्रात लोक दोन ओळीत उरकतात. तिथे जरा थांबायला पाहिजे. देवघरात लक्ष्मी-सरस्वतीचं जुनं छापील चित्र असेल तर भिंग लावून बघा. देवीचा गाल सलग गुलाबी दिसतो, पण जवळून बघितला तर ते निरनिराळ्या रंगांचे ठिपके असतात. दगडावरच्या त्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा, आणि सगळे ठसे एकमेकांवर तंतोतंत बसले नाहीत तर देवीचे ओठ गालावर जायचे. फोटोवरून ब्लॉक करतानाही चित्राचे ठिपकेच करावे लागतात. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या माणसाला, मोठी आकृती बारक्या तुकड्यांतून उभी राहते आणि एक तुकडा हलला तर सगळं बिघडतं, हे कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

छापखाना चांगला चालला होता, पण भागीदारांशी पटलं नाही आणि फाळके त्यातून बाहेर पडले. वय चाळीस. हातात काही नाही.

१९११ च्या ईस्टरच्या दिवसांत गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालताना बघून, इथे राम आणि कृष्ण का नसावेत, असं त्यांच्या मनात आलं. ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यापुढचे महिने तितके प्रसिद्ध नाहीत. लागोपाठ सिनेमे बघणं, घरी येऊन प्रयोग करणं, झोप नाही, आणि डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी जायची वेळ आली. औषधोपचाराने ती परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढलं आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघितलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि दोन महिन्यांत परत आले.

कॅमेरा आला, पण सिनेमाला पैसा कोण देणार? घरातलं सामान विकणाऱ्या आणि नोकरी सोडलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवेल?

फाळक्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे एक वाटाणा. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. महिन्याभराने ती फिल्म पडद्यावर चालवली तर डोळ्यांदेखत कोंब फुटला, पानं उलगडली, वेल वर चढली. 'अंकुराची वाढ' नावाची ही छोटी फिल्म पाहून सावकार कर्ज द्यायला तयार झाला.

रोज एक चित्र घेतलं, असं या फिल्मबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याचा जरा हिशेब करू. मूकपट साधारण सेकंदाला १६ चित्रांच्या वेगाने दाखवत. रोज एकच चित्र घेतलं असतं तर महिन्याभराची मेहनत दोन सेकंदांत संपली असती आणि सावकाराला वाटाणा दिसायच्या आत दिवे लागले असते. तेव्हा दिवसातून बऱ्याच वेळा कॅमेऱ्यापाशी जावं लागलं असणार. महिनाभर, न चुकता, कॅमेरा तसूभरही न हलवता.

पुढचा 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहिती आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात तो लोकांसाठी लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके या हॉटेलातल्या नोकराला साडी नेसवली. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करायच्या. रात्री अंधारात कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या आणि दिवसा शूटिंगच्या वेळी ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. दागिने आधीच गहाण पडले होते.

भोकं पाडायच्या त्या कामाचा आकडा काढता येतो. एक फूट फिल्मवर १६ चित्रं बसतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंनी चार-चार, म्हणजे आठ भोकं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती. पावणेपाच लाख छिद्रं झाली, आणि यात वाया गेलेली फिल्म धरलेली नाही.

फाळके स्वतः या आकड्यांची जाहिरात करायचे. सुरतला 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये जमला, असं सांगतात. रात्रभर चालणाऱ्या नाटकाची सवय असलेल्या प्रेक्षकांना तासाभराचा खेळ महाग वाटत होता. मग फाळक्यांनी जाहिरात बदलली आणि थोड्या आण्यांत सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, असा माल मोजून दाखवला. गर्दी झाली. यातला फोटोंचा आकडा जवळपास खरा आहे. दोन मैल मात्र चक्क थाप! ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा होत नाही.

१९१३ च्या अखेरीस फाळक्यांनी आपला कारभार नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' लागोपाठ आले. १९१४ मध्ये तिन्ही सिनेमे घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, तिथेच राहून काम करायची संधीही चालून आली. ती नाकारून परत आले आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं.

युद्ध युरोपात होतं, पण झळ थेट नाशिकपर्यंत आली. कोरी फिल्म विलायतेहून यायची. ती महागली, मिळेनाशी झाली. पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. स्टुडिओत पगारावर ठेवलेले नट, कारागीर, त्यांची जेवणखाणं, सगळं डोक्यावर. लोकमान्य टिळकांनी फाळक्यांसाठी भांडवल उभं करायची खटपट केली, ती तेव्हा तडीस गेली नाही. औंध आणि इंदूर संस्थानांकडे मदतीसाठी हात पसरावा लागला. महालाचा सेट लावायला आणि पन्नास माणसांना मुकुट चढवायला पैसे नव्हते.

आगकाडीला मात्र पगार द्यावा लागत नाही.

१९१५ च्या सुमाराची 'आगकाड्यांची मौज' ही छोटी फिल्म या ओढाताणीतली आहे. नट नाही, कथा नाही. पडद्यावर काड्या आपल्या आपण हलतात आणि त्यांच्या आकृत्या तयार होतात. कल्पना जगात नवी नव्हती, फ्रान्समध्ये एमिल कोहल यांनी १९०८ मध्ये काड्यांची फिल्म केली होती. पण इथे ही करामत करणारे फाळके पहिले. म्हणून भारतातल्या ॲनिमेशनचा इतिहास लिहिणारे याच फिल्मपासून सुरुवात करतात. प्रभात कंपनीचं 'जंबूकाका' हे व्यंगचित्रपटाच्या वळणाचं काम यायला १९३४ उजाडावं लागलं.

हे काम कसं होतं ते समजून घ्या. कॅमेरा खाली तोंड करून किंवा टेबलाकडे रोखून पक्का बांधायचा. काड्या मांडायच्या. त्या काळच्या कॅमेऱ्याला हँडल असायचं आणि एका फेऱ्यात साधारण आठ चित्रं निघायची. इथे मात्र एका वेळी एकच चित्र हवं असतं. ते घेतलं की पुढे वाकायचं, एकेक काडी केसभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा आणि पुढचं चित्र घ्यायचं. समजा पडद्यावर ५० काड्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या हलवायच्या आहेत. एका मिनिटाला ९६० चित्रं लागतात. म्हणजे एका मिनिटाच्या मौजेसाठी चोवीस हजार वेळा काडी उचलायची किंवा सरकवायची. वाऱ्याची एक झुळूक आली, कोणाची बाही लागली, की तिथवरचं मुसळ केरात. शिवाय काम नीट झालंय का हे फिल्म धुतल्याशिवाय कळत नाही. आजच्यासारखं चुकलं तर मागे जायचं बटण नाही.

आणि चूक कुठली? काडी जास्त सरकली तर पडद्यावर ती उडी मारते, कमी सरकली तर चिकटल्यासारखी वाटते. सुरुवातीला हळू, मध्ये वेगात आणि थांबताना परत हळू, अशी सरकवली तरच ती जिवंत वाटते. मिक्सिंगवाला पोरगा हेच काम एक बटण दाबून करतो, त्याला तो ईझिंग म्हणतो. काड्या सरकवणाऱ्याला हा वेग बोटांत आणावा लागायचा.

एवढ्यावर फाळके थांबले नाहीत. 'लक्ष्मीचा गालिचा' या फिल्ममध्ये त्यांनी काड्यांच्या जागी नाणी घेतली. खिशात पैसे नसलेल्या माणसाने नाण्यांचा गालिचा अंथरावा, हा योगायोग वाचणाऱ्याने आपापल्या परीने घ्यावा. 'विचित्र शिल्प' मध्ये निर्जीव वस्तूंना हालचाल दिली. 'प्रोफेसर केळफाच्या जादू' मध्ये उलट्या नावाचा जुना जादूगार स्वतः पडद्यावर आला. मुख्य सिनेमाच्या मागेपुढे दाखवायला अशा छोट्या फिल्म उपयोगी पडायच्या आणि त्यातून चार पैसे सुटायचे.

लोक या फिल्मना फाळक्यांचे फावल्या वेळातले उद्योग म्हणतात. ते पटत नाही. कारण पुढच्या मोठ्या सिनेमांत लोकांनी ज्या दृश्यांवर टाळ्या वाजवल्या, ती याच सवयीतून आली होती. १९१७ चा 'लंकादहन' घ्या. मारुती आकाशातून उडतो, लंका जळते. यात साळुंक्यांनी राम आणि सीता, दोघांचं काम केलं. सिनेमा इतका चालला की गल्ल्याची नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागली, अशा आठवणी सांगितल्या जातात. १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म' मध्ये कंसाला भास होतो आणि त्याचं मुंडकं धडावेगळं होऊन वर जातं. फिल्मचा एक भाग झाकायचा, दुसरा उघडा ठेवायचा, फिल्म मागे घ्यायची आणि मोजून त्याच जागी दुसरं चित्र उतरवायचं, असं ते काम. चित्रं मोजण्यात एकाची चूक झाली तरी मुंडकं भलतीकडे जायचं. १९१९ च्या 'कालियामर्दन' मध्ये बाळकृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलं, तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची होती. तिवसा तालुक्यात रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर आहे, म्हणजे कृष्ण इकडचा जावई. त्या जावयाला पडद्यावर डोहात उडी मारताना सगळ्यात आधी दाखवलं ते या नाशिकच्या पोरीने.

याच दिवसांत फाळक्यांनी सिनेमे कसे तयार होतात हे दाखवणारी एक छोटी फिल्मही काढली. तिच्यात ते स्वतः दिसतात. नटांना शिकवताना, फिल्म तपासताना, जोडताना. जादूगार सहसा आपली युक्ती उघड करत नाही, या माणसाने तिचीच फिल्म केली.

त्यानंतरचा भाग थोडक्यात. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैशांची चिंता मिटली, पण हिशेब आणि हुकूम दुसऱ्यांचे झाले. वैतागून फाळके काशीला निघून गेले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. परत आले, सिनेमे काढत राहिले. तोवर बोलपट आला आणि काळ बदलला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. तेव्हा आर्थिक स्थिती बेताचीच होती.

आता थोडं परत तिवस्याच्या त्या स्क्रीनकडे. देवनागरी नाव तुकड्यांत फोडताना मिक्सिंगवाल्यांना एक त्रास हमखास होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काना, वेलांटी, रफार हे सुटे तुकडे असतात. इंग्रजीसाठी केलेला इफेक्ट तसाच लावला की सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याला वेगळं अक्षर समजतं. मग 'कीर्ती'मधला रफार एकीकडून उडत येतो आणि वेलांटी दुसरीकडून, नवरीचं नाव शेवटपर्यंत धड जुळत नाही. यावर उपाय म्हणजे नावाचं आधी सलग चित्र किंवा आकार करून घ्यायचा, शिरोरेघ एकसंध ठेवायची आणि मग त्याचे ठिपके करायचे. छापखान्यातल्या माणसाला हे चटकन समजलं असतं.

फाळक्यांच्या एवढ्या कामापैकी आज फार थोडं उरलंय. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'चे काही भाग आहेत, 'लंकादहन' आणि 'श्रीकृष्ण जन्म'चे तुकडे आहेत, 'कालियामर्दन' बराचसा आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची मूळ फिल्म जळाली म्हणून फाळक्यांना तो १९१७ मध्ये पुन्हा काढावा लागला, असं सांगतात. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची, ठिणगी पडली की भडकायची, आणि नाही पडली तरी डब्यात पडून पडून चिकट होऊन तिची पूड व्हायची.

'आगकाड्यांची मौज' पडद्यावर बघायला मिळत नाही. फाळक्यांच्या सिनेमांच्या याद्यांमध्ये, 'लंकादहन'च्या आधी कुठेतरी, तिचं नाव तेवढं छापलेलं असतं.